दमधरे यांचा अर्धा तास

आमच्या व्यापारी संकुलाच्या तळघरात, पाण्याच्या पंपांना लागून, एक बिनखिडकीची खोली आहे. तिच्या एका भिंतीवर विजेचे मुख्य मीटर, त्याला लागून असलेल्या भिंतीवर घड्याळ, आणि मान न वळवता दोन्ही दिसावीत अशा कोनात मांडलेली एक लाकडी खुर्ची, एवढेच तिथले सामान. खुर्चीचे पाय जिथे टेकत, तिथे फरशीवर पांढऱ्या रंगाच्या चार खुणा केलेल्या होत्या. झाडणाऱ्या बाईंनी खुर्ची सरकवली तरी ती पुन्हा नेमक्या जागी यावी, हा हेतू. त्या खुर्चीवर बसणाऱ्या गृहस्थांना सगळे संकुल ‘दमधरे’ म्हणून ओळखत असे.

हे त्यांचे आडनाव नव्हते. इंटरकॉम उचलून ज्याला त्याला ‘जरा दम धरा’ असे सांगणे हे त्यांचे काम होते, त्यावरून कोणी तरी हे नाव पाडले आणि ते इतके अंगी बसले की बाहेरून येणारी पाकिटेसुद्धा ‘श्री. दमधरे’ या नावाने येऊ लागली. पुढे पुढे तर त्यांच्या पत्नीला दुकानदार ‘दमधरेवहिनी’ म्हणत, आणि त्या ‘ओ’ देत.

विजेचे बिल हा रसाळ विषय नाही, हे मला मान्य आहे. परंतु तो थोडा समजून घेतल्यावाचून या गृहस्थांचे चरित्र समजणार नाही. घरचे बिल सरळ असते. जेवढी वीज जाळावी तेवढे पैसे. मोठ्या व्यापारी इमारतीला याखेरीज आणखी एक आकार द्यावा लागतो. महिनाभर अर्ध्या अर्ध्या तासाची सरासरी मीटर टिपत राहते, आणि ज्या एका अर्ध्या तासात इमारतीने सर्वांत अधिक वीज ओढली असेल, त्या अर्ध्या तासाच्या मापाने सबंध महिन्याचा आकार ठरतो. समजा, तुमच्या घरात महिनाभर नवराबायको दोघेच राहिले. पण एका संध्याकाळी अर्धा तास वीस पाहुणे येऊन गेले, म्हणून घरमालकाने महिनाभराचे भाडे बावीस माणसांचे घेतले, तर तुम्हाला कसे वाटेल? तसेच हे. त्यातही वीज कंपनीशी आपण जी कमाल मर्यादा करारात लिहून दिलेली असते, ती ओलांडली तर वर दंड. या मर्यादेला दमधरे ‘रेघ’ म्हणत. रेघ ओलांडू न देणे, एवढ्यासाठी त्यांचा जन्म होता, असे निदान त्यांचे मत होते.

उपाय त्यांनी स्वतः बसवला होता. बेकरीच्या भट्ट्या, लाँड्रीचे ड्रायर, पंप, दातांच्या डॉक्टरांचा कॉम्प्रेसर आणि वरच्या सभागृहातला एसी ही मंडळी एकाच वेळी जेवायला बसता कामा नयेत, एकामागून एक बसावीत. प्रत्येक गाळ्यात दारावर त्यांनी एक तांबडा दिवा लावला होता. भार रेघेजवळ आला की तो पेटे. दिवा पेटल्यावर गाळेधारकाने जे बंद करता येईल ते बंद करावे, असा नियम. आणि गाळेधारकाने दिव्याकडे पाठ करून बसावे, असा रिवाज. मग इंटरकॉम वाजे.

“बाई, जरा दम धरा. एक ड्रायर थांबवा.”

“अहो, गिऱ्हाईक दारात उभं आहे!” लाँड्रीवाल्या बाई ओरडत.

“त्यालाही म्हणावं, दम धर.”

एकदा दातांच्या डॉक्टरांनी कळवळून सांगितले, “अहो दमधरे, पेशंट तोंड उघडून बसलाय माझ्यापुढे!”

“मिटायला सांगा,” दमधरे म्हणाले. “दहा मिनिटांनी पुन्हा उघडू दे.”

या कामात एक सोय होती. मोजली जाते ती सरासरी. त्यामुळे अर्ध्या तासाच्या पूर्वार्धात कोणी उधळपट्टी केली, तर उत्तरार्धात उपास करून ती भरून काढता येत असे. दमधरे म्हणत, “अर्ध्या तासाचं पाप त्याच अर्ध्या तासात फेडता येतं. काटा पुढे गेला, की मग देवही काही करू शकत नाही.” धर्मशास्त्रातला एवढाच भाग त्यांना पाठ होता.

मी त्या काळी व्यवस्थापन समितीचा चिटणीस होतो, त्यामुळे हे सारे मला जवळून पाहता आले. समितीचे अध्यक्ष कापडाचे घाऊक व्यापारी. मीटरशी त्यांचा संबंध कापड मोजण्यापुरता. दमधरे यांनी पहिल्या वर्षी रेघेच्या बरेच खाली राहून दाखवले, तेव्हा अध्यक्षांना फार आनंद झाला. आनंदाच्या भरात त्यांनी वीज कंपनीकडे अर्ज करून रेघच खाली आणवली. “एवढ्यात भागतंय, तर जास्त कशाला लिहून द्यायचं?” असा त्यांचा रोकडा सवाल होता. दुसऱ्या वर्षी दमधरे त्याही रेघेच्या खाली राहिले. रेघ पुन्हा उतरली. असे तीनदा झाले. काटकसरीचे बक्षीस म्हणून दरवेळी त्यांच्या गळ्यातला पट्टा एक भोक आत घेतला जाई.

चौथ्या वेळी ते समितीपुढे येऊन उभे राहिले. “साहेब, आता जागाच उरली नाही. माणसाला श्वास घ्यायला तरी जागा लागते.”

“मग श्वासही आळीपाळीनं घ्या,” अध्यक्ष म्हणाले, आणि समितीतले सगळे हसले. मी कार्यवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ असे नोंदवले.

तरीही सात वर्षांत रेघ एकदाही ओलांडली गेली नाही. याचा परिणाम असा झाला, की रेघ नावाची काही वस्तू आहे हेच लोक विसरले. आग विझवणारा माणूस सर्वांना दिसतो. आग लागूच न देणारा कुणाला दिसावा? दिसे तो फक्त तांबडा दिवा, आणि त्याचा सर्वांना संताप येई. दमधरे यांचा स्वभावही लोकांना आवडेल असा नव्हता, हे सांगितले पाहिजे. ते अभिमानी होते. आपल्या पदविकेची चौकट त्यांनी मीटरच्या वर टांगली होती. लाँड्रीवाल्या बाईंना ते विजेवर व्याख्यान देत आणि शेवटी प्रश्न विचारत. उत्तर चुकले, तर व्याख्यान पहिल्यापासून सुरू होई.

घरीही हीच राजवट. घरच्या बिलाला असली काही भानगड नसते, हे त्यांनीच वहिनींना सांगितले होते. तरीसुद्धा इस्त्री चालू असताना मिक्सर लावायचा नाही, वॉशिंग मशीन फिरत असताना टीव्ही बघायचा नाही. “सवय बरी,” एवढेच ते म्हणत. एकदा वहिनींच्या धाकट्या बहिणीकडे जेवायला गेले असता ताटावरून उठून ते स्वयंपाकघरात गेले आणि यजमानांचा फ्रिज बंद करून आले. सर्वांची जेवणे होईपर्यंत आतले आइसक्रीम प्यायच्या योग्यतेचे झाले होते. मेहुणीने पुन्हा बोलावले नाही, हे सांगणे नलगे.

अशा या गृहस्थांचे निवृत्तीचे वय झाले. त्यांना जायचे नव्हते. माझ्याजवळ ते एकदाच मोकळे बोलले. “चिटणीस, घरी मी काय करू? तिथे दोन दिवे आणि एक बायको. कशाच्या मागे काय लावायचं?” दोन वर्षांची मुदतवाढ मिळावी, एवढी एकच इच्छा त्यांनी आयुष्यात समितीकडे व्यक्त केली. गंमत अशी, की वहिनीही त्याच विनंतीसाठी माझ्या घरी येऊन गेल्या, आणि ‘यांना सांगू नका हं’ म्हणून बजावून गेल्या.

“भावजी, त्यांना आणखी दोन वर्षं तळघरातच ठेवून घ्या हो. दिवसभर घरात बसले, तर माझा मिक्सर उपाशी मरेल.”

मी अध्यक्षांकडे रदबदली केली. अध्यक्ष मनाचे उदार. उदारपणा चारचौघांत करायला मिळणार असेल तर अधिकच. त्यांनी ठरवले, की वरच्या सभागृहात थाटाचा निरोप समारंभ करायचा, दमधरे यांचा सत्कार करायचा आणि भाषणाच्या अखेरीस ‘आम्ही तुम्हाला जाऊच देत नाही’ असे म्हणून मुदतवाढ जाहीर करायची. भाषण मीच लिहून दिले. मुदतवाढीचा परिच्छेद शेवटचा होता. राहवले नाही म्हणून समारंभाच्या दिवशी सकाळी मी तळघरात जाऊन दमधरे यांच्या कानावर ते घातले.

त्यांचे डोळे भरून आले. पण ते क्षणभरच. “हा परिच्छेद किती वाजता येईल?”

“साधारण साडेसहापर्यंत.”

“साधारण म्हणजे?”

मी पळ काढला.

आपल्या निरोप समारंभाचा भारही त्यांनी स्वतःच आखून ठेवला होता. साडेपाचला बेकरीच्या भट्ट्या बंद, त्यानंतर लाँड्रीचे ड्रायर बंद, मग सभागृहाचा एसी आणि दिवे सुरू. सगळ्या गाळेधारकांनी हो म्हटले होते. पण त्या दिवशी गाळेधारकांच्या मनात दमधरे यांच्याविषयी अचानक प्रेम दाटून आले होते, आणि प्रेमाइतके वीज खाणारे दुसरे यंत्र नाही. बेकरीवाल्याने त्यांना नकळत सबंध सभागृहाला पुरेल एवढे केक सगळ्या भट्ट्यांत घातले. लाँड्रीवाल्या बाईंना पुढच्या रांगेत जागा हवी होती. त्यांनी उरलेले सगळे कपडे दोन्ही ड्रायरमध्ये एकदम कोंबले, शटर ओढले आणि त्या वर येऊन बसल्या. डॉक्टर कॉम्प्रेसर विसरून आले. आणि अध्यक्ष अर्धा तास उशिरा आले, त्यामुळे ज्या गोष्टी एकामागून एक व्हायच्या होत्या, त्या सगळ्या हातात हात घालून उभ्या राहिल्या.

सभागृह फुग्यांनी सजवले होते. पांढऱ्या फुग्यांचा एक मोठा झुबका दाराच्या बरोबर वर, तांबड्या दिव्यापुढे बांधला होता. शोभेला तो दिवा बरा दिसत नव्हता, असे सजावटकाराने मागाहून सांगितले.

अध्यक्षांनी भाषण सुरू केले. “आपले दमधरे,” ते वाचू लागले, “म्हणजे शिस्तीचा मूर्तिमंत पुतळा. त्यांनी आपली कधी गैरसोय होऊ दिली नाही.” लाँड्रीवाल्या बाईंना ठसका लागला. व्यासपीठावर, गळ्यात हार घालून, दमधरे सुखाने बसले होते. मी त्यांच्या शेजारीच होतो. एवढ्यात माझ्या लक्षात आले, की दारावरच्या पांढऱ्या फुग्यांपैकी मधला फुगा हळूहळू गुलाबी होतो आहे. मग तो लालबुंद झाला. श्रोत्यांपैकी काहींनी वळून त्याचे कौतुक केले. कोणी म्हणाले, “वा, काय कल्पना आहे!”

दमधरे उठून उभे राहिले.

“बसा, बसा,” अध्यक्ष हसून म्हणाले. “आज तुम्ही काही एक करायचं नाही. आज फक्त ऐकायचं.” टाळ्या पडल्या. दमधरे बसले, पण आता ते घड्याळाकडे पाहत होते. सातला अर्धा तास संपत होता आणि काटा पावणेसातच्या पुढे गेला होता. माझ्याकडे वाकून ते पुटपुटले, “बेकरीला फोन करा.”

“बेकरीवाला तो काय, चौथ्या रांगेत बसलाय.”

“ड्रायर?”

“बाई पहिल्या रांगेत.”

“कॉम्प्रेसर?”

डॉक्टर आमच्याकडे पाहून हात हलवत होते. तेव्हा दमधरे यांना आपल्या परिस्थितीचे पूर्ण आकलन झाले. त्यांचे ऐकून बटण बंद करील असा संकुलातला प्रत्येक माणूस त्यांच्या शिस्तीचा गौरव करण्यासाठी या सभागृहात येऊन बसला होता, आणि खाली रिकाम्या गाळ्यांत यंत्रे एकटीच धडधडत होती. त्यांनी खुणेने बेकरीवाल्याला विचारले. तो धावत व्यासपीठाशी आला. “दमधरे, तुमच्याच समारंभाचे केक आहेत हो! आत्ता भट्टी बंद केली, तर सगळे बसतील.” बाईंनी लांबूनच पदर झटकून सांगितले, की शटरची किल्ली कामवालीकडे आहे आणि ती घरी गेली. डॉक्टरांनी खूण नमस्काराची समजून पुन्हा हात हलवला.

त्यांच्या हाताशी फक्त सभागृह उरले होते.

ते पुन्हा उठले आणि व्यासपीठाच्या मागे, पडद्याआड पॅनल होते तिकडे गेले. एसीचा घुमणारा आवाज थांबला. अध्यक्षांनी कपाळ पुसले आणि वाचन चालू ठेवले. शेवटून दुसरा परिच्छेद संपत आला होता. दारावरचा फुगा अजून लालच होता. मी पडद्याआड डोकावलो. दमधरे सभागृहाच्या दिव्यांच्या मोठ्या स्विचवर हात ठेवून उभे होते.

“अहो, एकच परिच्छेद राहिलाय,” मी दबक्या आवाजात म्हणालो. “तुमचाच. तेवढा होऊ द्या!”

“किती ओळी?”

“आठ-दहा.”

त्यांनी डोळे मिटले. मनातल्या मनात भागाकार चालला असावा. मग ते म्हणाले, “नाही बसत,” आणि स्विच खाली ओढला.

जड पडद्यांमुळे सभागृहात मिट्ट काळोख झाला. अध्यक्षांना चष्मा लावूनही उजेडाशिवाय वाचता येत नसे, आणि न वाचता बोलण्याची त्यांना सवय नव्हती. “आम्ही तुम्हाला,” एवढे शब्द काळोखात ऐकू आले. मग कागदाची चुरगळ. पुढच्या रांगेतून वहिनींचा आवाज आला, “माझ्या बहिणीकडे फ्रिज होता, इथे सभागृह मिळालं!” काही लोक हसले. ते हसणे अध्यक्षांना फार लागले असावे.

सातला काटा पुढे गेला आणि दिवे लागले. अध्यक्ष आसनावर बसले होते. कागद त्यांच्या खिशात गेला होता. “उरलेलं मनोगत नंतर कळवू,” ते म्हणाले. केक उत्तम फुगले होते.

ते मनोगत कधीच कळवण्यात आले नाही. पुढल्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, की दमधरे यांची प्रकृती ठीक दिसत नाही, त्यांना विश्रांतीची गरज आहे. मी प्रतिवाद केला. तो कार्यवृत्तात आहे. त्या महिन्याचे बिल आले तेव्हा रेघ ओलांडलेली नव्हती. ते मी मोठ्या आशेने समितीपुढे ठेवले. अध्यक्षांनी ते लांब धरून पाहिले. “बघा! एवढा मोठा समारंभ झाला, तरी काही बिघडलं नाही. सगळं आपोआप होतंय. मग माणूस हवाच कशाला?”

पुढच्या महिन्यापासून सगळे आपोआप होऊ लागले. दिवे पेटले, इंटरकॉम वाजला नाही, आणि बिल दंडासह आले. अध्यक्षांनी वीज कंपनीचे मीटर सदोष असल्याचे पत्र मला लिहायला लावले. कंपनीने तपासणी करून मीटर उत्तम असल्याचे कळवले. तीन दंड भरून झाल्यावर समितीने एक यंत्र विकत घेतले. भार रेघेकडे चालला, की ते ठरल्या क्रमाने एकेक उपकरण स्वतःच बंद करते. त्याची किंमत लिहून मी कोणाचे मन दुखवत नाही. इतकेच सांगतो, की तेवढ्यात दमधरे यांना मुदतवाढ देऊन, वर त्यांच्या खुर्चीला गादीही शिवता आली असती.

यंत्राचे उद्घाटन त्याच सभागृहात झाले. दमधरे आणि वहिनींना मी आग्रहाने बोलावले होते. मागच्या रांगेत, मी त्यांच्याजवळच बसलो. अध्यक्षांचे भाषण रंगात आले असता एसी थांबला. थोड्या वेळाने दिवेही गेले. मला वाटले, आता काही खरे नाही. तेवढ्यात यंत्र विकणाऱ्याने काळोखातूनच सांगितले, “घाबरू नका, हे आमचं यंत्रच! त्याला अध्यक्ष आणि शिपाई सारखेच.”

अध्यक्षांनी टाळी वाजवली. पाठोपाठ सगळ्या सभागृहाने वाजवली. “याला म्हणतात शिस्त!” अध्यक्ष भारावून म्हणाले. “कोणाची भीड नाही, मुर्वत नाही. असा कर्मचारी आम्हाला इतक्या वर्षांत मिळाला नाही!”

मला शेजारी बघवेना. पण दमधरे मनगटावरच्या घड्याळाच्या, काळोखात चमकणाऱ्या काट्यांकडे पाहत होते.

“उशीर केला त्यानं,” ते म्हणाले. “आधी ड्रायर थांबवायचे, मग भट्टी. सभागृह सर्वांत शेवटी.”

“तुम्ही तर पहिल्यांदा सभागृहच बंद केलं होतंत,” वहिनी म्हणाल्या.

“मला दुसरं काही उरलं नव्हतं. याला सगळं आहे.”

दिवे आले. अध्यक्षांनी लांबून त्यांना ओळखले आणि हाक मारली, “काय दमधरे, पाहिलंत ना आमचं यंत्र?”

“पाहिलं, साहेब. छान आहे.” ते उठले, आपली खुर्ची रांगेत सरळ लावली आणि जायला निघाले.

वहिनींनी पिशवी उचलली. “चला घरी. मी आज पंखा, टीव्ही आणि वॉशिंग मशीन, तिन्ही एकदम लावणार आहे.”

दमधरे जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले. सवयीने त्यांचा हात मागे, सभागृहाच्या दारावरच्या तांबड्या दिव्याकडे बोट दाखवायला वर गेला होता. तो त्यांनी खाली घेतला.

“लाव,” ते म्हणाले.

वहिनी माझ्याकडे वळल्या. “भावजी, तुम्ही ऐकलंत ना? तुम्ही साक्षीदार आहात हं.”

“पण आधी पंखा,” जिन्यावरून आवाज आला. “तो नीट फिरू लागला, की मग बाकीचं.”